आधी आवाज

१

रोज दुपारी तीनला दादा व्हिडिओ गेम खेळायला बसायचा. खुर्चीची जागा ठरलेली, डाव्या हाताला पाण्याचा पेला, मांडीवर कंट्रोलर. टीव्ही चालू असायचा तो आमच्यासाठी. दादाला दोन वर्षांपासून काहीच दिसत नव्हतं. डोळ्यांतला दाब वाढत गेला, आधी कडा गेल्या, मग मधलंही गेलं.

त्याआधी तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचा आणि त्याच्या पायाखाली त्याचा स्वतःचा एक वेगळा ब्रेक असायचा. समोरचा घाबरायच्या आत हा ब्रेक दाबून मोकळा. पंधरा वर्षांत एकही गाडी कशाला घासू दिली नाही, हे तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा.

मी त्याची धाकटी बहीण. मला तो मास्तरीण म्हणतो, कारण अंध माणसांना आवाजावर संगणक चालवायला शिकवणाऱ्या एका संस्थेत मी सकाळच्या पाळीला शिकवते. आमच्याकडे नव्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी एक नियम सांगतात: मागितल्याशिवाय हात द्यायचा नाही. मी तो नियम घरी आणला आणि त्याला धार लावली. मागितला तरी आधी दहा मोजायचे. पाणी त्याचं त्याने घ्यायचं. 'बिचारा' हा शब्द या घरात पुन्हा ऐकू यायला नको. वहिनी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते, दिवसभर लोकांची दुखणी ऐकून येते. ती मला म्हणायची, तुझी संस्था दुपारी बंद होते गं, घरातली कधी होणार?

दृष्टी गेल्यावर तिसऱ्या महिन्यात दादा न्हाणीघरात घसरून पडला. वहिनी धावली. मी तिला दारातच अडवलं आणि आत बघून म्हणाले, "ऊठ. कोणी हात देणार नाही." तो उठला. पाऊण तास लागला, कोपर सोलवटलं, पण उठला. वहिनी पुढे दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आपण बरोबर वागलो, याबद्दल मला तेव्हा तिळमात्र शंका नव्हती.

आता मी त्याच्यासाठी काम शोधलं होतं. एका मदत केंद्रात फोन घ्यायचे, पहिल्या तारखेपासून. अट एकच, माणसाने घरून एकट्याने यायला हवं. आमचं घर पहिल्या मजल्यावर. दार उघडलं की थेट जिना, सरळसोट अठरा पायऱ्या, मध्ये वळण नाही. त्या अठरा पायऱ्या दादा दोन वर्षांत एकदाही एकटा उतरला नव्हता. वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून आगगाडीच्या मागच्या डब्यासारखा उतरायचा, तेही दवाखान्यासाठी.

म्हणून तो गेमचा डबा मी आणला. एका विद्यार्थ्याने मला सांगितलं होतं की मारामारीचे खेळ आंधळ्याला नुसत्या कानांनी खेळता येतात. प्रत्येक ठोशाचा आवाज वेगळा, लाथेचा वेगळा, प्रतिस्पर्धी डावीकडून येतोय की उजवीकडून तेही कळतं. एकदा जिंकायची चव लागली की माणूस जिनाही उतरेल, असा माझा हिशेब होता.

२

अडचण आवाजाची होती. टीव्हीचे स्पीकर टीव्हीच्याच पाठीमागे, आवाज भिंतीवर आपटून यायचा आणि डावं-उजवं सगळं एक व्हायचं. मग मी माझा फिरता स्पीकर काढला. लोडासारखा लांबट, दोन टोकांना दोन तोंडं, ओढायला एक पट्टा. संस्थेच्या सहलीत गाणी वाजवण्यापलीकडे त्याने आयुष्यात काही केलं नव्हतं.

डब्याने त्याला ब्लूटूथवर ओळखच दाखवली नाही. मग टीव्हीमार्फत जोडला, तर आवाज उशिरा यायला लागला. पडद्यावर लाथ बसून गेली की मग स्पीकरमधून धप्प. माशी उडून गेल्यावर टाळी वाजावी तसं. दादा ओळीने अकरा वेळा हरला आणि म्हणाला, "मास्तरीण, यापेक्षा मला तूच मार. निदान वेळेवर लागेल."

शेवटी वायर. कंट्रोलरच्या पोटाशी हेडफोनचं भोक असतं, त्यात एक पिन आणि दुसरी स्पीकरमध्ये. कंट्रोलरला स्वतःचा बारीक माइकही असतो, खेळता खेळता लांबच्या माणसाशी बोलायला. तो बंद करायचं माझ्या डोक्यात आलं नाही. स्पीकर मी दादाच्या समोर स्टुलावर ठेवला, त्याच्या गुडघ्यांपासून दोन वितींवर. त्याने दोन्ही टोकं चाचपली आणि मान हलवली. आवाज आता नेमका येत होता.

त्या दिवशी तो पहिला डाव जिंकला. मी वहिनीला दुकानात फोन करून सांगितलं. ती म्हणाली की गिऱ्हाईक उभं आहे, आणि मग फोन न ठेवता तशीच थोडा वेळ ऐकत राहिली.

३

समोर खेळायला लंबू यायचा. कुरिअर वाटतो, दादाकडेच गाडी शिकलेला, दुपारच्या फेरीत आमच्याकडे अर्धा तास टेकायचा. दुसरा कंट्रोलर त्याचा. पहिल्या आठवड्यात त्याने दादाला मनसोक्त झोडपलं. दुसऱ्या आठवड्यात तो एकही डाव जिंकला नाही.

मला संशय आला की हा मुद्दाम हरतोय. दया करणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे, ती सगळ्यांत गोड अवहेलना असते. मी त्याला जिन्यात गाठलं आणि सुनावलं. त्याने हेल्मेट काढलं, कपाळावर खरंच घाम होता.

"अगं बाई, मी जीव तोडून खेळतोय," तो म्हणाला. "मी काय करणार ते त्याला माझ्याआधी कळतं. मी लाथ मारायचं मनात आणतो आणि हा तयार."

तो गेल्यावर दादाला विचारलं, तर तो हसला. जुना ब्रेक आहे, म्हणाला. गाडीतही असंच व्हायचं.

४

दुसऱ्या दिवशी मी खेळ न बघता फक्त वेळ बघितली. स्पीकरमध्ये लाथेचा फटका वाजला. पडद्यावर पाय त्यानंतर उचलला गेला.

याला साधं कारण असतं, हे मला माहीत होतं. टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो, वायरीतला आवाज थेट येतो, म्हणून चित्र मागे पडतं. मी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन सजावट बंद केली. फरक पडला नाही. मग फोनवर चित्रीकरण केलं आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजलं. आवाज चित्राच्या बारा फ्रेम आधी होता. दुसऱ्या दिवशी एकोणीस. त्याच्या पुढच्या दिवशी एकतीस, म्हणजे एका सेकंदापेक्षा जास्त. टीव्ही दिवसेंदिवस आळशी होत असेल, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं.

मग मी फोन लंबूच्या हातावर रोखला. त्यात टीव्ही नव्हता, डबा नव्हता, फक्त त्याचे दोन अंगठे आणि बटणं. स्पीकरमध्ये फटका वाजला. लंबूचा अंगठा अजून बटणावर टेकलाही नव्हता. मग तो टेकला.

मी ते चित्रीकरण न्हाणीघरात जाऊन, दाराला कडी घालून पुन्हा पुन्हा पाहिलं. मला आठवतं की मी उगाच नळ सोडला होता, आणि त्या आवाजाने बरं वाटत होतं.

५

त्याच संध्याकाळी दादा चार पायऱ्या उतरला. एकटा, काठी घेऊन, कोणी न सांगता. चार उतरला, थांबला, परत वर आला आणि दारात उभ्या असलेल्या वहिनीला म्हणाला की चहा टाक, लांबून आलोय. वहिनी हसली आणि आत जाऊन भांडी घासायला लागली. भांडी आधीच घासलेली होती.

अशा वेळी काय सांगायचं? की तू जिंकतोस ते खरं नाही? की तुझा स्पीकर बिघडलाय, आणि बिघडलाय म्हणजे काय ते मला विचारू नकोस? हे फक्त डोळे असलेल्यालाच कळणार होतं, आणि घरात टक लावून बघणारी मी एकटीच होते. मी खोट्यावरून लोकांशी भांडणारी, सभेतून उठून जाणारी मुलगी. मी गप्प बसले. पहिल्या तारखेला अठरा दिवस होते. म्हटलं, एकदा जिना उतरू दे, मग बघू.

आठवड्याभरात अंतर चार सेकंदांवर गेलं. लंबू पडद्यातच बुडालेला असायचा, त्याला स्पीकरमधला सगळा नुसता गोंगाट वाटायचा. मला वाटलं आता दादा गोंधळेल, हरेल, आणि प्रश्न आपोआप मिटेल. तो गोंधळला नाही. तो ऐकायचा, थांबायचा आणि मग निवांत बटण दाबायचा.

"पूर्वी घाई व्हायची," तो मला म्हणाला. "आता आधी ऐकू येतं, मग होतं. तूच म्हणाली होतीस ना, डोळे गेले की कान तयार होतात?"

म्हणाले होते. संस्थेच्या पत्रकातलं वाक्य होतं ते, मीच लिहिलेलं.

६

डबा बंद होता तेव्हाची गोष्ट. कंट्रोलर चार्जिंगला लावलेला, वायर तशीच स्पीकरमध्ये. खोलीत मी एकटी कपड्यांच्या घड्या घालत होते. स्पीकरमध्ये दाराची घंटा वाजली. आमचीच, ती शेवटी जरा घोगरी होते. मी उठून दार उघडलं. जिना रिकामा होता. पाच मिनिटांनी लंबू आला आणि त्याने घंटा दाबली.

माइक, मला वाटलं. माइक चालू राहिला होता. पण त्याने घंटा ऐकायला आधी ती वाजायला नको?

त्यानंतर घर बदललं. दादाने स्पीकर पट्ट्याने गळ्यात अडकवला, कंट्रोलर खिशात टाकला आणि दिवसभर तसाच फिरायला लागला. घंटा वाजायच्या आत दाराशी उभा असायचा. दूध उतू जायच्या आत वहिनीला हाक मारायचा. वहिनीला त्यात काही वावगं दिसलं नाही, ती दुकानात कौतुक सांगत फिरली. लंबू म्हणाला की याला आता लोकांची भविष्यं सांगायला बसवा, माझी फेरी वाचेल. त्या शुक्रवारी दादा स्पीकर गळ्यात घेऊन अठरा पायऱ्या उतरला आणि चढला. पायरी चुकली तर आधी ऐकू येईलच, असं म्हणाला. तीन शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी मात्र एक गोष्ट वहीत लिहीत होते. स्पीकर काय म्हणाला, आणि काय झालं. पानं भरली. एकदाही चुकलं नव्हतं, आणि मला भीती वाटली ती या गोष्टीची. दादाला वाटत होतं की तो धोका ऐकून टाळतोय. तसं नव्हतं. त्याला टाळल्याचाच आवाज आधी ऐकू येत होता: उतू जाणाऱ्या दुधाचा नाही, गॅस वेळेत बंद झाल्याचा. त्याने आजवर एकही आवाज खोटा पाडला नव्हता.

मी पाडून बघायचं ठरवलं. एका दुपारी स्पीकरमध्ये काच फुटली. घरात काचेचे चार पेले होते. मी ते एकेक करून जुन्या चादरीत गुंडाळले, गाठोडं कपाटाच्या तळाला ठेवलं आणि कपाटाला पाठ लावून जमिनीवर बसले. तासाभराने दादाने विचारलं की कुठे बसली आहेस, काय करते आहेस. काही नाही, म्हणत मी उठले. उठताना माझा खांदा भिंतीवरच्या तसबिरीला लागला. वहिनी आणि दादाचा लग्नातला फोटो. काच पार दारापर्यंत उडाली.

७

चार दिवस उरले होते. अंतर आता मिनिटांचं राहिलं नव्हतं. आदल्या दिवशी मोजलं तेव्हा साडेआठ तास होतं. आज किती झालं असेल ते मला माहीत नव्हतं.

दादा आंघोळीला गेला होता. स्पीकर खुर्चीवर, पट्टा खाली लोंबत होता. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले, शाळेत बाईंसमोर बसतात तशी.

बराच वेळ नुसती खरखर. मग काठीचं टोक सिमेंटवर. टक. मला तो आवाज पाठ होता. टक. मी नकळत मोजायला लागले. पाच. सहा. तो भराभर उतरत होता, नेहमीपेक्षा फार भराभर. नऊ. दहा. अकरा. मग दार आपटलं, आणि अंग पडल्याचा आवाज आला, एकदा नाही, पायरीपायरीने, आणि काठी त्याच्या पुढे खडखडत गेली.

मग शांतता. तिच्यात काहीतरी हलकं होतं, श्वास किंवा शब्द. कान लावूनही मला ते कळलं नाही.

मग माझा आवाज आला. स्वच्छ, न ओरडता, एखाद्या वर्गात सूचना द्यावी तसा.

"ऊठ. कोणी हात देणार नाही."

आणि पुन्हा खरखर.

हा पावणेदोन वर्षांपूर्वीचा, न्हाणीघरातला आवाज असणार, मी मनाशी म्हणाले. कुठेतरी साठून राहिला असेल. पण तेव्हा हा कंट्रोलर कारखान्यातूनही बाहेर पडला नसेल. आतून दादाने नळ बंद केला. टॉवेल विसरला होता, पण त्याने मागितला नाही. माझ्या घरात कोणी मागत नाही.

मी वायर उपटली. स्पीकर बंद केला, गोधडीत गुंडाळून कपाटात वर टाकला, आणि कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.

८

रात्रीच्या जेवणाआधी, वहिनी यायच्या आत, मी त्याला सगळं सांगितलं. चित्रीकरण, फ्रेम, लंबूचा अंगठा, वही, स्पीकर बंद करून कपाटात ठेवल्याचंही. पडल्याचं मात्र सांगितलं नाही. मला वाटलं, एवढं खरं सांगितलं की त्याचा धीर मोडेल, तो जिन्याकडे फिरकणार नाही, आणि तो आवाज खोटा ठरेल. म्हणजे दोन वर्षं जे उभं केलं ते मी पंधरा मिनिटांत पाडायला बसले होते, आणि शक्य तेवढं नीट पाडत होते.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "लंबूला ठाऊक आहे?"

नाही, म्हणाले.

"तुला कधीपासून?"

"चार पायऱ्या उतरलास त्या दिवसापासून."

तो थोडा वेळ मांडीवर बोटं वाजवत बसला. "टाळ्या वाजवल्या होत्यास तू शुक्रवारी," म्हणाला. "तुझ्या मला वेगळ्या ओळखू आल्या. सगळ्यांत जोरात होत्या." आणि मग, "स्पीकर दे."

मी दिला नाही. त्याने पुन्हा मागितला. मी मनात दहा मोजले, सवयीने, आणि तरीही दिला नाही. वहिनी आली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता. तिने मला विचारलं की काय बोललीस त्याला. तिने 'काही झालं का' असं विचारलं नाही.

९

दुसऱ्या दिवशी मी संस्थेत कळवून सुट्टी घेतली. वहिनी गेल्यावर दाराला कडी लावली आणि दाराशी खुर्ची टाकून बसले. दादा सकाळभर बोलला नाही. रेडिओ लावला नाही. जेवला, ताट धुऊन जागेवर ठेवलं. दोन वाजले, अडीच वाजले. लंबूला मी येऊ नको म्हणून सांगितलं होतं.

मी मनाशी सगळं ठरवून ठेवलं होतं. तो निघालाच तर हात धरायचा. पडलाच तर धावायचं. आणि काहीही झालं तरी ते वाक्य तोंडातून काढायचं नाही. सकाळपासून मी तसंही फारसं बोलले नव्हते. जीभ दातांमागे दाबून धरली होती.

तीनला दादा म्हणाला, "मास्तरीण, पाणी देतेस?"

दोन वर्षांत पहिल्यांदा. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दहा मोजायचं मला सुचलंही नाही, मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. पेला विसळला. चांगलं गार व्हावं म्हणून नळ थोडा वाहू दिला. नळाच्या आवाजात मला कडी ऐकू आली नाही.

पेला घेऊन आले तर खुर्ची बाजूला सरकवलेली होती आणि दार नुसतं लोटलेलं. पलीकडून टक, टक, टक. भराभर. तो मला स्पीकरशिवाय उतरून दाखवत होता.

मी दाराकडे धावले. किती झाल्या होत्या? नऊ. दहा. त्याला थांबवायचं होतं. मी दार ओढलं, ते जोरात भिंतीवर आपटलं, आणि अकराव्या पायरीवर त्याने त्या आवाजाकडे मान वळवली.

ज्या मुलीने आवाज आधी की चित्र आधी हे फ्रेम मोजून काढलं होतं, तिने या एका ठिकाणी क्रमाकडे लक्ष दिलं नव्हतं. दार आधी होतं. पडणं नंतर.

तो खाली थांबला तेव्हा एक पाय नको त्या बाजूला वळला होता. काठी रस्त्यापर्यंत गेली होती. त्याने चेहरा वर केला, बरोबर माझ्या दिशेने, आणि हात उचलला. बोटं उघडलेली. अगदी हळू, मला जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, "हात दे."

मी दोन्ही तळवे तोंडावर दाबून उभी होते. पेला कुठे पडला ते आठवत नाही. मी धावायला हवं होतं. अठरा पायऱ्या, किती वेळ लागतो? पण त्या क्षणी माझं सगळं लक्ष माझ्या तोंडावर होतं. ते वाक्य आपल्याकडून निघू नये, आपण तशा नाही, एवढंच मला वाटत होतं. तळव्यांखाली ओठ घट्ट मिटलेले होते. दात दातांवर होते. हे मी शपथेवर सांगेन.

माझ्या पाठीमागून, घरातून, कुलूपबंद कपाटातून, गोधडीच्या घड्यांतून माझा आवाज आला. त्याला गोधडीने काहीही फरक पडला नव्हता.

"ऊठ. कोणी हात देणार नाही."

दादाने हात खाली घेतला.

१०

मी पोचेपर्यंत तो कोपरांवर भार देऊन दोन पायऱ्या वर सरकला होता. मी त्याच्या काखेत हात घातला, तो त्याने झटकला. पुन्हा घातला, पुन्हा झटकला. तिसऱ्या पायरीवर तो थांबला, आणि त्याच्या तोंडून जो आवाज आला तो मला लिहिता येणार नाही. तरी तो चौथीकडे वळला.

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले आणि सांगितलं की ते मी बोलले नाही. स्पीकर होता, कपाटातला.

"स्पीकर तू बंद केलास. काल मला सांगितलंस," तो म्हणाला. धाप लागली होती, पण तो शांत होता. "एवढं नीट समजावून सांगितलंस."

"दादा, माझं तोंड बंद होतं. मी दोन्ही हात तोंडावर दाबून उभी होते."

त्याने पुढच्या पायरीची कड चाचपली, तिच्यावर कोपर रोवलं आणि स्वतःला वर ओढलं.

"ते मला कसं दिसणार?" तो म्हणाला.